मेन लावायला मी सांगितलं नव्हतं

या पानावर येणाऱ्या कथांखाली हरकती घेणाऱ्यांपैकी मी एक आहे. दिवा आपोआप विझला असे कोणी लिहिले, तर 'वायरिंग तपासून घ्या' हे उत्तर बहुधा माझे असते. त्याबद्दल अनेकांनी मला खडूस म्हटले आहे. ते मला मान्य आहे.

म्हणूनच हे लिहिताना हात अडखळतो.

पण लिहिणे भाग आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला लोक खुनी म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. आणि ज्याचा खून व्हायचा होता तो मी जिवंत आहे. माझ्याहून जवळचा साक्षीदार दुसरा कुठून आणणार?

घटना खरी आहे. रात्रीची नाही. रविवारची, भर दुपारची आहे. जागा, आमच्या भाड्याच्या घरातले बाथरूम. स्वच्छ, पांढऱ्या फरशीचे, वर एक लहानशी खिडकी असलेले. भीती वाटावी असे तिथे काहीही नव्हते.

भिंतीवर एक जुना गिझर होता, एवढेच.

आधी आमच्या घरातला एक नियम सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. आमचे वडील वायरमन होते. विजेचे काम निघाले की एकाने स्टुलावर चढायचे आणि दुसऱ्याने मेन स्विचजवळ उभे राहायचे. स्टुलावरचा म्हणेल 'लाव', तर मेनवरच्याने 'लावतो' असे उत्तर द्यायचे आणि लावायचा. तो म्हणेल 'बंद', तर बंद करायचा. मेनवरच्याने प्रश्न विचारायचा नाही, डोके चालवायचे नाही. "शब्द वरच्याचा, हात खालच्याचा," असे बाबा म्हणत. "वाद घालायचा असेल तर आधी खाली उतरा."

हे शेवटचे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणत.

बाबांची आणखी एक सवय माझ्यात उतरली होती. काढलेले स्क्रू खिशात न ठेवता ओठांत धरायचे. आई ओरडायची, "गिळशील एखादा, मग बस बोंबलत."

त्या रविवारी दादा आणि वहिनी माझ्या घरी पहिल्यांदाच आले. मी वेगळे राहायला निघालो हे दादाला लागले होते. कित्येक महिने आम्ही बोललो नव्हतो. गिझर बिघडला तेव्हा माझ्या बायकोने मला न विचारता त्याला फोन केला. गिझर हे निमित्त होते. भावांनी बोलावे, हा तिचा हेतू.

दादा हत्यारांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला.

"मेकॅनिक मेले काय सगळे?"

"मी नाही बोलावलं. हिने बोलावलं."

"वाटलंच. तुझ्या तोंडून 'दादा' निघायला हल्ली कोर्टाचा हुकूम लागतो."

"आल्या आल्या सुरू," वहिनी म्हणाल्या. "आधी चहा घ्या, मग एकमेकांना खा."

चहा झाला. मग स्टुलावर कोण चढणार यावर वाद झाला. दादा लेथवर काम करतो. उजव्या हाताची करंगळी त्याने तिथेच घालवली आहे.

"माझ्या नऊ बोटांना कळतं तेवढं तुझ्या दहांना कळत नाही," तो म्हणाला.

"बोटांचा प्रश्न नाही. हे स्टूल तुझं पोट पेलणार नाही."

तो हसला. कित्येक महिन्यांनी माझ्या बोलण्यावर हसला. मला बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे.

मी स्टुलावर चढलो. दादा मेनजवळ गेला. मेन पॅसेजमध्ये आहे. मध्ये भिंतीचा कोपरा येत असल्यामुळे तिथून बाथरूमचे आतले काही दिसत नाही. फक्त ऐकू येते. बाथरूममधले गिझरचे बटण वितळून चिकटले होते, म्हणून मेनवरूनच काम करावे लागणार होते.

तीन स्क्रू काढून मी खालचे झाकण उतरवले; 'लाव' म्हणायचे असल्यामुळे स्क्रू तेवढे साबणाच्या फळीवर ठेवले. आत वीज पोचते का, ते आधी बघायचे होते.

"लाव."

"लावतो," दादा म्हणाला. दिवा लागला. मी टेस्टर टेकवला. तो उजळला. म्हणजे वीज येत होती; बिघाड आतल्या कॉइलमध्ये होता. मी टेस्टर बाजूला घेतला आणि...

दिवा विझला.

"बंद केला," दादाने सांगितले.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

"तूच."

"मी तोंड उघडलेलं नाही."

"मग माझ्या कानात भुंगा शिरला का? स्वच्छ 'बंद' म्हणालास."

मी 'बंद' म्हणणारच होतो. मनातला शब्द नकळत ओठांतून निसटला असेल, असे मी स्वतःला पटवले. इतरांना पटवणे मला जमत नाही. स्वतःला पटवण्यात मात्र मी पटाईत आहे.

मग टाकीतले पाणी नळीने खाली सोडले. चार दिवस पाणी गरम होत नव्हते, म्हणून तर हा सगळा खटाटोप. खाली उतरून मी नळीखाली बादली सरकवली.

पाणी उकळते होते.

पायावर शिंतोडे उडाले आणि मी ओरडलो. दादा डोकावला. बादलीतून वाफ येत होती.

"गरम होत नाही म्हणून बोलावलंस ना मला?"

"नाहीच होत."

"मग हे काय, तुझ्या रागाने तापलं?"

त्या भिंतीवर ऊनही येत नाही. दादा मान हलवत परत मेनजवळ गेला. आता मेन लावायचा नव्हता, म्हणून सवयीप्रमाणे फळीवरचे स्क्रू ओठांत धरून मी पुन्हा स्टुलावर चढलो.

टाकी रिकामी झाली. मी पाना लावून खालची चकती सोडवली आणि कॉइल बाहेर ओढली. तिच्यावर क्षारांचा पांढरा थर हाडासारखा चढला होता. कॉइल वायरींना लोंबकळत राहिली. वर टाकीच्या बुडाला एक काळे भोक दिसत होते. मनगट जेमतेम जाईल एवढे.

त्या भोकातून आवाज आला.

ठक...

धातू थंड होताना आकसतो. मी तसे मनाशी म्हणालोही.

ठक... ठक...

आतून कोणी बोटाच्या पेराने वाजवावे तसा.

वायरी सोडवायच्या राहिल्या होत्या. खाली हरकत घेणाऱ्यांनी लगेच लिहू नये. ती चूक मला कळते. त्याच सोडवायला मी डावा हात नेला होता. पण भोकाच्या काठावर क्षारांचा एक मोठा खपला सुटून लटकत होता. तो डोळ्यांत पडेल म्हणून मी उजवा हात आत घातला.

झाकणाचे तिन्ही स्क्रू माझ्या ओठांत होते. दातांनी घट्ट धरलेले.

आत खरखरीत थर लागला. मग गुळगुळीत पत्रा.

मग काहीतरी मऊ लागले... ओले आणि उबदार.

त्याला पेरे होती.

आणि माझ्या कानाशी, त्या भोकातून, पत्र्यात घुमणारा आवाज आला.

"लाव."

आवाज माझा होता.

माझ्यासारखा नव्हे. माझाच. शब्दाच्या शेवटी स्वर जरा खाली टाकायची माझी लकबसुद्धा.

"लावतो," दादाने पॅसेजमधून उत्तर दिले.

त्या दोन शब्दांमध्ये जी फट होती, तिच्यात मी स्क्रू थुंकून ओरडू शकलो असतो. मी तोंड उघडायला गेलोही. पण त्याच क्षणी आतल्या हाताने माझे मनगट पकडले.

वीज आली.

विजेचा धक्का बसतो असे आपण म्हणतो. धक्का हा शब्द चूक आहे. धक्का लागला की माणूस दूर जातो. इथे सगळे शरीर एका मुठीत आवळले गेले. जबडा स्क्रूंवर मिटला. पुढचा दात तुटल्याचा आवाज मी कवटीच्या आतून ऐकला. एक स्क्रू खालच्या ओठातून आरपार गेला. पायाखालचे स्टूल उडाले, आणि मी खाली पडायला हवा होतो.

पडलो नाही.

स्टूल आपटल्याचा आवाज ऐकून दादा धावत आला. त्याने मला पाहिले, तसाच मागे पळाला आणि मेन खाली ओढला. दिवा विझला. स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरून थांबला. सगळे घर गप्प झाले. तो परत आला.

मी तसाच लटकत होतो. उजव्या मनगटाने, त्या भोकातून. पाय जमिनीला लागत नव्हते.

स्नायू आखडले की हात अडकतो, हे मला ठाऊक आहे. पण अडकलेला हात वर जात नाही. माझा हात वर जात होता. मनगटाएवढ्या भोकातून कोपराकडचा भाग आत ओढला जात होता. पत्र्याच्या काठाने कातडी सोलून खाली गुंडाळत आणली. रक्त माझ्या काखेत उतरत होते. मला सगळे दिसत होते. ओरडता येत नव्हते.

दादाने माझे पाय धरून खाली ओढले. वरच्याने अधिक जोराने ओढले. खांद्यात काहीतरी निखळले.

मग दादाने भिंतीवरची साबणाची लाकडी फळी उपटली आणि टाकीवर मारली. एकदा, दोनदा... पत्र्याला पोचा आला. पकड सुटली नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो माझी परवानगी मागत होता.

मी डोळे मिटले.

त्याने फळी माझ्या हातावर घातली. काठाबाहेर उरलेल्या हातावर, पूर्ण ताकदीने. मोडलेले हाड आवाज करते. दुसऱ्या घावाला फळी फुटली. तिसऱ्याला मी फरशीवर कोसळलो, आणि तुटक्या फळीनिशी दादा माझ्यावर.

दारात वहिनी उभ्या होत्या. मागे माझी बायको.

वहिनींनी जे पाहिले ते असे: रक्ताने भरलेला धाकटा दीर, आणि त्याला फळीने मारणारा आपला नवरा. माझा हात कुठे अडकला होता, ते आडव्या आलेल्या दादाच्या पाठीमुळे त्यांना दिसले नाही.

आणि जे ऐकले ते असे...

"दादा, नको. दादा, मारू नको. दादा, मी तुझा भाऊ आहे."

ते त्यांनी पोलिसांना सांगितले. मला दवाखान्यात तोंडावर सांगितले. "भाऊजी, तुम्ही हात जोडावेत तशा आवाजात विनवत होता, आणि हा माणूस थांबला नाही."

माझ्या ओठातून स्क्रू गेला होता. जबडा आवळलेला होता. स्क्रूच्या आट्यांचे ठसे दातांच्या डॉक्टरांनी स्वतः पाहिले. शंका असणाऱ्याने तीन स्क्रू दातांत धरून 'दादा, मारू नको' म्हणून पाहावे.

मी काहीही म्हणालो नव्हतो.

माझ्या मनगटावर भाजल्याच्या खुणा आहेत. चार बोटे आणि अंगठा. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले, मग बायकोला बाहेर पाठवून म्हणाले, "विजेचा चटका असा नसतो. तुम्हाला कोणी धरून ठेवलं होतं. घाबरू नका, कोण ते सांगा."

झाले. खुणासुद्धा दादाच्या नावावर जमा झाल्या.

माझा मुद्दा साधा आहे, आणि तो मी प्रत्येकाला सांगितला. खूण उजव्या हाताची आहे. तिच्यात करंगळी आहे. दादाच्या उजव्या हाताला करंगळी नाही.

"भावाला वाचवतोय," लोक म्हणाले. "रक्ताचं नातं."

मी तक्रार दिली नाही, म्हणून पोलीस थांबले. माणसे थांबली नाहीत. वहिनी दादाशी कामापुरतेच बोलू लागल्या. रात्री खोलीला आतून कडी लावून झोपू लागल्या.

तरीही सगळ्यांत वाईट ते नव्हते. दादा दवाखान्यात माझ्या उशाशी बसला होता. प्लास्टरमधल्या माझ्या हाताकडे बघत तो म्हणाला, "एक विचारू? मी खरंच ऐकलं का रे? की मला ऐकायचं होतं?"

"दादा, मीही ऐकलं."

"तू मला बरं वाटावं म्हणून म्हणतोस."

"मी आजवर कोणाला बरं वाटावं म्हणून काही बोललोय का?"

तो किंचित हसला. पण त्याला पटले नाही. माझ्यावर रागावलेला असताना तो मेनवर उभा होता, हे तोच विसरू शकत नव्हता.

घर सोडताना घरमालकीणबाई किल्ली घ्यायला आल्या. माझ्या मनगटाकडे त्यांची नजर गेली आणि त्या दारातच थांबल्या.

"ही खूण मी पाहिली आहे," त्या म्हणाल्या.

आमच्याआधी तिथे एक जोडपे राहत होते. नवरा बायकोला मारायचा. तिच्या मनगटांवर कायम अशीच बोटे उमटलेली असायची, काळीनिळी. एक दिवस तो गिझर उघडून बसला होता आणि ती मेनजवळ उभी होती. ती तुरुंगात आहे. अजून एकच वाक्य बोलते... 'त्यांनीच सांगितलं, लाव म्हणून.'

"खोटं बोलत असेल," मालकीणबाई म्हणाल्या. "तिचा तरी काय दोष म्हणा. कोणीही लावला असता."

वाचकांना इथे उत्तर मिळाल्यासारखे वाटेल. मला वाटत नाही. ती खोटे बोलत असेल, तर टाकीत तिचा नवरा आहे, हे समजू शकतो. पण ती खरे बोलत असेल, तर तिच्या नवऱ्याच्या आवाजात 'लाव' कोण म्हणाले? त्याच्याआधी तिथे कोण होते?

मालकीणबाई म्हणाल्या, त्यांनी घर घेतले तेव्हा गिझर आधीपासूनच होता.

आम्ही दादाच्या घरी परत राहायला आलो. तिथे गिझर नाही. पाणी गॅसवर तापवतो. दादाच्या मनातून ते जावे म्हणून मी त्याच्या समोर वावरतो, वाद घालतो, टोमणे ऐकून घेतो. तो जेवतो, कामाला जातो. मेन ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीजवळून मात्र जात नाही.

मागच्या रविवारपर्यंत जात नव्हता.

दुपार होती. आम्ही चौघे एका खोलीत होतो. बायको भाजी निवडत होती. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी पेपर वाचत होतो. वीज गेलेली होती, मेनही बंद करून ठेवला होता. कोणी काही बोलत नव्हते.

दादाने एकदम मान वर केली.

"लावतो," तो म्हणाला.

तो उठला, मेनजवळ गेला आणि दांड्यावर हात ठेवून थांबला. मग हळूहळू वळून माझ्याकडे पाहिले. माझ्या तोंडाकडे.

"तू बोलला नाहीस."

"नाही."

"तू इथे बसला आहेस, आणि तू बाथरूममधून बोललास." त्याचा आवाज थरथरत होता, पण भीतीने नव्हे. "ऐकलंस ना? आता तरी ऐकलंस ना?"

वहिनींच्या हातातला कपडा खाली पडला होता. त्या बाथरूमच्या दाराकडे बघत होत्या. दाराला बाहेरून कडी होती.

"हाच," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी 'मारू नको' म्हणत होता तो हाच आवाज."

मग त्या उठून दादाजवळ गेल्या आणि त्यांनी त्याचा दांड्यावरचा हात आपल्या हातांनी बाजूला केला. किती महिन्यांनी त्यांनी त्याला स्पर्श केला होता, देव जाणे. दादा रडायला लागला. मोठा माणूस, लेथवरचा, लहान मुलासारखा रडला. त्याची सुटका झाली होती.

"तूही ऐकलंस ना?" त्याने मला पुन्हा विचारले.

मी काहीही ऐकले नव्हते.

पेपराची सळसळ, बायकोच्या हातात मोडणारी भाजीची देठे, बाहेरून गेलेली एक मोटारसायकल. एवढेच. मी कान लावून बसलो होतो. काही नव्हते.

"हो," मी म्हणालो. "ऐकलं."

वरच्या सगळ्या मजकुरातले एकूण एक विधान खरे आहे. खोटा हा एवढा एक शब्द. तो मी बोललो आणि पुन्हा बोलेन.

तेव्हापासून घरात नवा नियम आहे. मेनला हात लावण्याआधी प्रत्येकाने माझ्या तोंडाकडे बघायचे. आता बायकोलाही ते ऐकू येते म्हणे. दिवसातून केव्हातरी तिघांच्याही माना एकदम वर होतात... तिघेही माझ्याकडे बघतात.

मी ओठ घट्ट मिटून बसून राहतो. मनगटावरची खूण तापू लागते.

आणि या वेळी मी काय म्हणालो, ते विचारायची मला हिंमत होत नाही.